मायच्या सालचा पैसा

चैत्र सरत आला की बुलढाण्याच्या बाजारात कुंभारांची लाल भांडी उतरतात. माठ, रांजण सगळंच असतं, पण माझी नजर जाते ती एका कडेला मांडलेल्या तांब्याएवढ्या मडक्यांकडे, करे-केळ्यांकडे. आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने पाणी भरून ठेवतात. पुरुषाचा करा, बाईची केळी, वर एक खरबूज, शेजारी वाढलेलं ताट. उन्हातान्हाची ती माणसं तहानलेली येतात, असं समजायचं. माठ घेताना टिचकी मारून, नाक मुरडून भाव पाडणाऱ्या बायका करा घेताना फारशी घासाघीस करत नाहीत. मीसुद्धा करत नाही, आणि भाजीवाल्यांत माझी काय ख्याती आहे हे बाजारात कोणालाही विचारा.

याच दिवसांत माझ्या घरी अमेरिकेचे पैसे येतात. पैसे म्हणजे खरोखरीच पैसे. त्यांच्या डॉलरचा शंभरावा भाग, तांब्याचं एवढंसं नाणं. उन्हाळ्यात लग्नं असतात, लग्नांना तिकडे स्थायिक झालेली मंडळी येतात, आणि त्यांतल्या निम्म्यांना कधी ना कधी मी इतिहास शिकवलेला असतो. बाईंना जुने सेंट लागतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. प्लास्टिकच्या पिशवीत मूठ-मूठ भरून आणतात आणि खुर्चीत बसायच्या आधी टेबलावर ओततात. "बाई, तुमच्यासाठी तिकडचा कचरा आणला," असं परवा एक जण म्हणाला. नववीत असताना त्याला मी दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्याचा सूड असावा. मी चहा ठेवते, बिस्किटं देते, आणि ते गेल्यावर चष्मा लावून एकेक नाणं उलटं करून बघते. बहुतेक नवीन असतात, मागे इमारत नाहीतर ढाल असलेले. ते मी शेजारच्या मुलांना वाटून टाकते. मला हवा असतो तो गव्हाचा पैसा. पुढे दाढीवाला राष्ट्राध्यक्ष, मागे दोन बाजूंनी वाकलेल्या गव्हाच्या दोन ओंब्या. एकोणीसशे अठ्ठावन्नपर्यंत तो पाडत होते, नंतर बंद केला. तो सापडला की मी साल बघते. बावीस नसेल तर डब्यात ठेवते. बावीस असेल तर थोडा वेळ तसाच हातात धरून बसते.

माझ्या चुलत भावाची मुलगी म्हणते, "आत्या, हे सगळं घरबसल्या मागवता येतं गं, साल टाकलं की समोर." येत असेल. पण मी मागवत नाही. मला ते लोकांच्या खिशातून फिरत-फिरत आलेलं हवं असतं. का, ते तिला मी कधी सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. एका माणसाला सांगितलं, ते त्या वर्षीच्या आखजीला.

आमचं गाव उंद्री, चिखली तालुक्यातलं. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. घरी माय, बाबा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा दादा आणि मी. मधली दोन जगली नाहीत, म्हणून मी धाकटी आणि लाडावलेली. दादाचं नाव मधुकर, पण गावात सगळे मधूच म्हणत. बुलढाण्याला शिकला, शेतकी कॉलेजात पहिला आला आणि शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत गेला. गव्हावरच्या कसल्याशा रोगाचा अभ्यास करायला, तेही त्यांच्या ऐन गव्हाच्या मुलखात. तो निघाला त्या दिवशी अर्धं गाव चिखलीच्या मोटारीपर्यंत पोचवायला आलं. बाबा एवढंच म्हणाले, "जिथं जाऊन राह्यला तिथं गहूच हाय. उपाशी नाई मरनार." मायने दशम्यांचं गाठोडं दिलं, ते म्हणे त्याने मुंबईला बोटीवर चढेपर्यंत पुरवलं.

त्याच्या तिसऱ्या की चौथ्या पत्रात पहिला पैसा आला. जाड पुठ्ठ्याला नेमकी गोल खाच पाडून त्यात नाणं बसवलेलं, दोन्ही बाजूंनी कागद डकवलेला, आणि तो पुठ्ठा पत्राच्या घडीत. पोस्टमनला संशय यायचा, तो पाकीट दाबून बघायचा. बाबांनी नाणं घेतलं, उजेडात धरलं, उलटं केलं, आणि राष्ट्राध्यक्ष बाजूलाच राहिला.

"हा तं बन्सी हाय," बाबा म्हणाले. "कुसळं पाह्य किती लांब. बन्सी गहूच हाय हा."

"पैशावर गहू काऊन काढला असंन?" मायने विचारलं.

"काऊन म्हंजे? ज्याचं खातो त्याचं काढा लागते ना."

तेव्हा रेशनच्या दुकानात अमेरिकेचा गहू येत होता. बाबा तो ओंजळीत घेऊन वास घेत आणि परत पोत्यात टाकत. "पैशावर बन्सी, अन् पोत्यात हे," असं ते दुकानदाराला ऐकवायचे.

मग दादाने खेळ काढला. घरातल्या प्रत्येकाच्या जन्मसालाचा पैसा शोधून पाठवायचा. त्याची रीत त्याने लिहिली होती. बँकेतून पन्नास-पन्नास नाण्यांच्या कागदी सुरळ्या आणायच्या, खोलीतल्या टेबलावर ओतायच्या, हवे ते निवडायचे, बाकीचे सुरळीत भरून बँकेला परत करायचे आणि दुसऱ्या आणायच्या. "इथले लोक मला वेडा समजतात," असं त्याने लिहिलं होतं, "पण मायला तांदूळ निवडताना बघितलंय, त्याचा उपयोग होतोय." माझा त्रेपन्नचा पहिल्याच सुरळीत निघाला. बाबांचा बाराचा, त्यांचं साल कोतवालाच्या जन्मनोंदीत होतं, आणि तो पैसा इतका झिजलेला की ओंब्या नुसत्या बोटालाच लागायच्या. त्याचा स्वतःचा त्रेचाळीसचा. तो बघून आम्ही चक्रावलोच, कारण तो पांढरा होता. त्याने खाली लिहिलं होतं, लढाईत तांबं कमी पडलं म्हणून त्या एका साली इथे लोखंडाचे पैसे काढले, वर जस्ताचा मुलामा. लोहचुंबक लावून बघ. मी शाळेतल्या गुरुजींकडून चुंबक आणलं, आणि दादाचा पैसा टुणकन उडी मारून त्याला चिकटला. माय हसत हसत म्हणाली, "लोखंडाचाच हाय माहा लेक."

बाबांचा काळपट पैसा एकदा मायने पाडव्याच्या भांड्यांबरोबर चिंच लावून घासून काढला. गुलाबी झाला, अगदी नवा. मी ते मोठ्या कौतुकाने दादाला कळवलं. उलट टपाली उत्तर आलं की मायच्या पाया पडून सांग, पुन्हा घासू नकोस. तो काळेपणा म्हणजे मळ नाही, ते त्याचं वय आहे. मायला हे काही पटलं नाही. तांब्याचं भांडं काळं ठेवणारीला आमच्याकडे काय म्हणतात, ते तिने मला सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

राहिला होता मायचा पैसा. दादाने लिहिलं, मायचं साल काढून कळव, तेवढं झालं की आपलं घर पुरं. हे काम माझं होतं. दिवाळीचे दिवस, कापूस घरात येऊन पडलेला.

"माय, तू कोणत्या सालची?"

"मले काय मालूम? मानमोडीच्या टायमाले माही आजी गेली. तवा मी पोटात व्हती म्हनत."

"म्हंजे कोणतं साल?"

"साल तुमच्या पुस्तकात ऱ्हाते. मले नोको इचारू. जाय, ते टोपलं आन इकडे."

मानमोडी म्हणजे कसली तरी साथ, एवढंच मला ठाऊक होतं. शाळेत गुरुजींना विचारायला हवं होतं. मायचं माहेर साखरखेर्डा, तिथल्या म्हाताऱ्यांना विचारून आणायला बाबांना सांगता आलं असतं. पण मला पत्र त्याच दिवशी पोस्टात टाकायचं होतं, कारण पोस्टात जाताना वाटेत माझ्या मैत्रिणीचं घर लागायचं आणि तिच्याकडे नवी बाहुली आली होती. आज हे लिहितानाही मला त्या बाहुलीचा राग येतो. मी मनाशी म्हटलं, माय बाबांपेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असेलच. बारा आणि दहा, बावीस. झोकात लिहून टाकलं: मायचं साल १९२२, नीट चौकशी करून खात्री केली आहे.

दादाचं उत्तर आलं. "सुमे, तू खरी संशोधक. बाबांना जमलं नसतं ते तू केलंस. पण मायने जन्माला यायला नेमकं हेच साल कसं गं निवडलं? बाविसाला इथे पैसे फार थोडे पाडले, तेही एकाच टाकसाळीत. किती सुरळ्या ओतल्या, एक दिसला नाही. एकोणिसाचे मात्र तीन येऊन पडलेत. कोणाला हवेत?"

मी ते पत्र घरी मोठ्याने वाचून दाखवलं आणि फुगून गेले. घरातली पत्रं मीच वाचायची. मायला अक्षरओळख नव्हती, आणि बाबा एकेक अक्षर लावत वाचायचे, तेवढा धीर मायला नसायचा.

पुढच्याच महिन्यात गुरुजी वर्गात पहिल्या महायुद्धाचा धडा शिकवत होते. शिकवता-शिकवता म्हणाले, "लढाई सरता-सरता जगभर तापाची साथ आली. आपल्याकडे तिलाच मानमोडी म्हणतात. सन एकोणीसशे अठरा." मी बाकावर बसल्या बसल्या बोटांवर मोजलं. अठराच्या शेवटाला माय पोटात. म्हणजे एकोणीस. दादाच्या टेबलावर तीन पडलेले.

तेव्हाच लिहायला हवं होतं. एक कार्ड लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण दादाने मला संशोधक म्हटलं होतं, आणि 'खात्री केली आहे' असं मी माझ्या हाताने लिहिलं होतं. चाचणी परीक्षा झाली की लिहू, असं ठरवलं. परीक्षा झाली, संक्रांत आली, तिळगुळाचं पत्र गेलं, त्यातही लिहिलं नाही. इतकं साधं होतं ते. पुढे मी तीस-एक वर्षं मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या, एक साल चुकलं तरी अर्धा गुण कापायचे. पालक तक्रार करायचे की बाई फार कडक आहेत. मी काय सांगणार त्यांना?

संक्रांतीनंतर तार आली. चिखलीहून माणूस सायकलवर घेऊन आला. इंग्रजी होती, म्हणून गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी ती दोनदा वाचली, डोक्यावरची टोपी काढली आणि बाबांना बाजूला घेतलं. बर्फावरून मोटार घसरली. दादा आणि मोटार चालवणारा त्याचा मित्र, दोघेही गेले. देह आणणं आमच्या ऐपतीपलीकडचं होतं. तिथेच अग्नी दिला, आणि त्याच्याबरोबर शिकणाऱ्या पोरांनी तिथल्याच नदीत अस्थी सोडल्या. बाबांनी डोकं भादरलं, दहावा केला, सगळं केलं. माय भिंतीला टेकून बसून होती. रडली नाही.

आणि त्यानंतर दहाएक दिवसांनी दादाचं पत्र आलं.

ते पाकीट मी अजून ठेवलं आहे. त्यात पुठ्ठा नव्हता. अंगणात बाबा, माय, मी. बाबा म्हणाले, "वाच." मी वाचायला लागले. थंडी फार आहे, पाइपातलं पाणी गोठतं. अभ्यास ठीक. परीक्षेत चांगले गुण पडले. जेवणात भाकरी नाही एवढंच दुःख. मग पुढची ओळ आली. "मायचा पैसा अखेर सापडला म्हणायचा. इथून साठ मैलांवर एका म्हाताऱ्याचं नाण्यांचं दुकान आहे, त्याच्याकडे बाविसाचा आहे असं कळलं. या शनिवारी एका मित्राच्या मोटारीतून जाऊन घेऊन येतो. म्हणून या पत्रात पुठ्ठा नाही. पुढच्यात माय येईल."

मी ती ओळ मनात वाचली आणि तोंडाने वाचली नाही. ठरवून नाही, तोंडच बंद झालं. मग एकदम 'सर्वांना नमस्कार' वर गेले.

"बस, एवढंच?" मायने विचारलं.

"हाव. एवढंच."

तेरा वर्षांची होते मी. शनिवार कुठला, ते मला तारेवरून माहीत होतं.

मायने माझ्या हातून पत्र घेतलं, उलटसुलट केलं, आणि बाबांना म्हणाली, "तार आधी आली, कागद मागून आला. मंग खरं कोन्तं?"

"अवं, कागद त्यानं आधी लिहेल हाय," बाबा म्हणाले. "तारीख पाह्य ना वरची."

"तारीख तुमाले दिसते. मले त्याचं अक्षर दिसते."

तिथून पुढे तो उन्हाळा सुरू झाला. दर वर्षी होळी झाली की पापड-कुरडया आठवतात लोकांना. मला त्या वर्षीच्या कुरडया आठवतात. मायने नेहमीपेक्षा दुप्पट गहू भिजत घातला. तीन दिवस आंबवून, वाटून, चीक शिजवून, खाटेवर धोतर अंथरून ती कुरडया घालत होती, आणि प्रत्येक खेपेला अर्ध्या वेगळ्या डब्यात भरत होती. डबा कोणासाठी, हे कोणी विचारलं नाही. दुपारी सामसूम व्हायची, गल्लीतून वावटळ यायची, पाचोळा गोल फिरत आमच्या दारापर्यंत येऊन बसायचा, आणि माय हातातला सोऱ्या तसाच धरून दाराकडे बघत राहायची. मग मला हाक मारायची. "सुमे, वाच बरं मधूचा कागद."

मी वाचायचे. रोज. कधी दिवसातून दोनदा. थंडी फार आहे, पाइपातलं पाणी गोठतं, अभ्यास ठीक, गुण चांगले, भाकरी नाही, सर्वांना नमस्कार. कुठे थांबायचं, कुठे उडी मारायची, हे इतकं पाठ झालं की कागदाकडे न बघताही म्हणता आलं असतं. पण ती ओळ प्रत्येक वेळी दिसायचीच. बोटाखाली दाबून धरली तरी दिसायची. मला वाटायचं, दादा माझ्या मागे उभा राहून बघतोय, आणि मी ती गाळली की गप्पच बसतोय. चिडत नव्हता, म्हणून जास्त भीती वाटायची. तो अगदी लहानपणापासून तसाच. मी खोटं बोलले की काही न बोलता माझ्याकडे बघत राहायचा, आणि शेवटी मीच रडून खरं सांगायचे.

कॉलेजने त्याचं सामान बोटीने पाठवलं ते फार नंतर आलं. कपडे, पुस्तकं, एक लोकरीचा कोट आणि पत्र्याच्या डबीत पैसे. एकोणिसाचे तीन त्यात होते. बाविसाचा नव्हता. म्हणजे मोटार घसरली ती जाताना की येताना, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. येताना असेल तर पैसा त्याच्या खिशात होता, आणि तिथून कोणाच्या तरी हाती लागून पुन्हा बाजारात गेला असेल. एका पैशाकडे कोण लक्ष देतो? तसा फिरत-फिरत आलेला बाविसाचा पैसा माझ्याकडे येईल, असं मला वाटतं. इतकी शिकलेली बाई मी, पण वाटतं. आतापर्यंत सात आले. सालाखाली त्या एकाच टाकसाळीचं बारीकसं अक्षर असतं, भिंगातून बघावं लागतं. सातही वेगळ्या डबीत आहेत. त्यांतला एक त्याचा असेल, किंवा एकही नसेल. दादाचा तो लोखंडाचा पैसा मात्र मुलामा जाऊन गंजत चालला आहे. दर पावसाळ्यात डबीत तांदळाचे दाणे टाकून ठेवते, तरी गंजतो. आता त्यावरचं तीन वाचता येतं, चार जवळजवळ गेला.

तर ती आखजी. ज्या घरात वर्षात माणूस गेलं, तिथे त्याचा पहिला करा भरायचा असतो. तो भरला नाही तर जीव वणवणतो, असं सगळं गाव म्हणायचं, आणि मीही ते खरं मानत होते. आदल्या दिवशी कुंभारीण डोक्यावर पाटी घेऊन आली. आमच्याकडे दर वर्षी आजोबा-आजीचा एक करा आणि एक केळी लागायची. तिने दोन करे काढून ठेवले.

"एकच दे," माय म्हणाली.

"अवो बाई, औंदा..."

"एकच म्हनलं ना."

कुंभारीण बाबांकडे बघायला लागली. बाबा म्हणाले, "अवं, पोरगं तहानलेलं ऱ्हाईन."

"माहं पोरगं तहानलेलं नाई. तिथं पानी गोठते म्हनत, पर हाय ना. वाच गं सुमे."

बाबा उठून बाहेर गेले. मी त्यांना रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून. कुंभारणीने दुसरा करा गुपचूप ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि मला डोळ्याने खुणावून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबा वाडीत खरबूज आणायला गेले होते. माय पुरण वाटून उठली, हात धुतले आणि ओसरीवर येऊन बसली. ऊन दारातून आत आलं होतं. "वाच," म्हणाली. मी पत्र उघडलं. थंडी फार आहे. पाइपातलं पाणी गोठतं. अभ्यास ठीक. गुण चांगले. भाकरी नाही. आणि मग मला उडी मारता येईना. कोपऱ्यात तो कोरडा करा दिसत होता, आणि दादा तहानलेला आहे, माझ्यामुळे गेला आणि आता माझ्यामुळेच तहानलेला आहे, एवढंच मला कळत होतं. मी ती ओळ वाचली. सगळी वाचली, 'पुढच्यात माय येईल' पर्यंत.

"पुन्हा वाच," माय म्हणाली.

मी पुन्हा वाचली.

"शनिवार कोन्ता?"

"तोच. तारेतला."

"हे आधी काऊन नाई वाचलं?"

मग मी सगळं सांगितलं. मानमोडी, बारा आणि दहा, गुरुजींचा धडा, एकोणिसाचे तीन, परीक्षा, तिळगूळ. रडत-रडत, उलटंसुलटं. मला वाटलं होतं ती मारेल. ती मारेल तर बरं, असंच वाटत होतं. ती माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत होते की नाही, सांगता येत नाही.

"म्हंजे मी एकोनीसची," ती म्हणाली.

"हाव."

"अन् ते त्याच्यापाशीच व्हतं."

"हाव."

तिने विचारलं, "बाबाले सांगितलं?"

"नाई."

"नोको सांगू. कधीच नोको सांगू त्याईले." मग उठून तिने कोपऱ्यातला करा आणला, पदराने आतून पुसला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. "भर."

"मी?"

"तूच भर. तुह्या हातचं पेईन तो."

मी रांजणातून पाणी घेऊन भरला. अर्धं बाहेर गेलं. मायने तो भरलेला करा दोन्ही हातांनी उचलून आजोबांच्या कऱ्याशेजारी ठेवला, आणि तशीच जमिनीवर बसून रडायला लागली. मधू, मधू, एवढंच म्हणत होती. बाबा खरबूज घेऊन आले, त्यांनी दोन करे बघितले आणि दारातच थांबले. ते कसं झालं, हे त्यांनी मला किंवा तिला कधी विचारलं नाही.

माय त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. माझं शिक्षण, नोकरी, सगळं तिने मन लावून केलं, माझ्यावर कधी हात उगारला नाही, त्या गोष्टीचा एका शब्दाने उल्लेख केला नाही. फक्त त्या दिवसापासून घरात कोणाचंही पत्र आलं, माहेरचं असो की सरकारी असो, की ते फोडायची नाही. पदराखाली धरून चार घरं चालत जायची आणि गुरुजींकडून वाचून आणायची.